वीस मिनिटं सत्तावन्न सेकंद

बटण दाबलं. आतला पंखा फिरायला लागला, पुढचा हिरवा दिवा लागला आणि पडदा काळाच राहिला.

"परत," मुजीबभाई म्हणाले.

मी बंद केलं, मनात दहा मोजले आणि पुन्हा दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळाच. सुरू होताना हा संगणक एकदा बारीक 'पीप' करायचा. तोही आवाज नाही.

"बोर्ड गेला का?" मी विचारलं.

"एवढ्यात फातिहा नका पढू, मॅडम. आधी नाडी बघू." त्यांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

भिंतीच्या पलीकडे हौसाबाई लोखंडे उताण्या पडल्या होत्या. ती भिंत सव्वा मीटर जाडीची होती. सकाळी दहाला त्यांच्या कमरेत भुलीचं इंजेक्शन दिलं होतं आणि डॉक्टर बागलांनी गर्भाशयात धातूची एक बारीक नळी बसवली होती. नळी हलू नये म्हणून आजूबाजूला गॉज ठासून भरलं होतं. एक्स-रे काढून झाले होते. आता त्या नळीतून इरिडियमचा एक तुकडा, तांदळाच्या दाण्याएवढा, गाठीपर्यंत पाठवायचा, ठरलेला वेळ तिथे ठेवायचा आणि परत आणायचा. त्या तुकड्याला आम्ही सोर्स म्हणायचो. किती डोस द्यायचा हे डॉक्टर सांगत. तो किती मिनिटांत जातो हे काढणं माझं काम. मी त्या रुग्णालयातली भौतिकशास्त्रज्ञ होते, वय सव्वीस.

वेळ काढायचा तो या संगणकावर. सॉफ्टवेअर याच्यातल्या एका कार्डाला बांधलेलं होतं, दुसऱ्या कुठल्या संगणकावर ते चाललं नसतं. साडेदहाला भारनियमनामुळे वीज गेली, जनरेटर खाडकन सुरू झाला आणि तेव्हापासून पडदा काळा होता. कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, उद्या संध्याकाळी पोचतो.

उद्या संध्याकाळचा उपयोग नव्हता. भूल दीड वाजेपर्यंत टिकली तर टिकली. ती उतरली की बाई हलणार, बाई हलली की नळी सरकणार, आणि नळी सरकली की सगळं काढून टाकायचं. परत आठवड्याने. आणि हौसाबाई परत येणार नव्हत्या. हे त्यांनीच सकाळी टेबलावर चढताना मला सांगितलं होतं.

"एकडाव आले, पोरी. लेकाच्या शबुदाखातर. असं पाय वर करून पडाया दुसऱ्यांदा न्हाई यायची. मेले तरी न्हाई."

"चार वेळा यायचं आहे, मावशी."

"आज नीट झालं तर बघू म्हनं," त्या म्हणाल्या.

सात एप्रिल, शुक्रवार. बाहेर एक्केचाळीस अंश. जनरेटरवर एसी चालत नसे.

मुजीबभाईंनी कॅबिनेटची बाजू उघडली. गावात त्यांचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं आणि ते स्कूटरवरून वीस मिनिटांत आले होते. आत धूळ होती. त्यांनी ती तोंडाने फुंकली नाही, ब्रशने काढली, म्हणून माझा त्यांच्यावर थोडा विश्वास बसला. एकेक कार्ड काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. मी ती क्रमाने वर्तमानपत्रावर मांडत गेले आणि कुठलं कुठल्या खाचेतलं हे पेन्सिलीने लिहीत गेले.

"आता रॅमपण काढतो. आता ओरडला पाहिजे."

बटण दाबलं. एक लांब, रडका आवाज आला. थांबला. परत आला.

"जिवंत आहे!" मुजीबभाई म्हणाले. "रॅम नाही म्हणून बोंबलतोय. बोर्ड मेला असता तर बोंबलला नसता."

त्यांनी खोडरबरने रॅमच्या सोनेरी कडा घासल्या आणि ती परत बसवली, कार्डंही आपापल्या खाचेत. पडदा काळाच. दुसऱ्या खाचेत बसवली. तरीही काळाच.

दार उघडून कसबे सिस्टर आत डोकावल्या. "मुजीबभाई, तुमचं पेशंट आधी उठतंय का आमचं? पैज लावू का?"

"का? काय झालं?"

"म्हातारीनं उजव्या पायाचा अंगठा हलवला. आणि मला विचारती, 'ह्ये मशीन सुरू व्हायला हँडल मारावं लागतंय का?'"

कोणी हसलं नाही. सव्वाबारा वाजले होते.

मी माझ्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर आणला. पुरवठ्याचे व्होल्ट मोजले, पाच आणि बारा, दोन्ही ठीक. मग बोर्डाच्या कोपऱ्यातला गोल सेल मोजला. तीन व्होल्ट हवे होते. एक पूर्णांक आठ होते.

"याच्यानं सुरू व्हायचं अडतं का?"

"एकट्या याच्यानं नाही अडत," मुजीबभाई म्हणाले. "पण वर जनरेटरचा झटका बसला. बोर्डाला आपली सेटिंग लक्षात ठेवायला हा सेल लागतो. आठवण अर्धवट पुसली गेली की बोर्ड असा खुळ्यासारखा बघत बसतो, ना इकडं ना तिकडं. सगळीच पुसून टाकू. कोरी पाटी. पण नवा सेल पाहिजे, आणि माझ्याकडं आता नाही."

कसबे सिस्टर वॉर्डात पळाल्या आणि साखर तपासायचं मीटर उघडूनच घेऊन आल्या. आत तसाच गोल सेल होता. दोन पूर्णांक नऊ. मुजीबभाईंनी जुना काढला, बोर्डावरची एक छोटी टोपी दुसऱ्या टाचण्यांवर सरकवली, थोडा वेळ थांबले, ती परत जागेवर बसवली आणि नवा सेल दाबला.

"बिस्मिल्ला," ते म्हणाले. "मारा."

पीप.

पडद्यावर पांढरी अक्षरं आली. मी खुर्ची पुढे ओढली. सेटिंग पुसली गेली आहेत, तारीख आणि वेळ भरा, असं तो सांगत होता. मुजीबभाई दोन्ही हातांनी सैल झालेली वायर धरून उभे होते.

"मॅडम, तुम्हीच टाका. आजची तारीख, वेळ. मी ही सोडली तर परत जाईल."

निळ्या पडद्यावर तारखेची तीन घरं होती. मी भराभर टाकलं. सात. चार. दोन हजार सहा. बारा वाजून एक्केचाळीस मिनिटं. ठेवून बाहेर पडा, हो.

विंडोज सुरू झालं. माझं सॉफ्टवेअर सुरू झालं.

एक वाजून दहा मिनिटांनी कागद छापून आला. डॉक्टर बागल माझ्या पाठीशी उभे होते. मास्क हनुवटीखाली, कपाळावर घाम. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांचं घाईचं बोलणं आणि रागाचं बोलणं यांत मला कधी फरक कळायचा नाही.

"किती?"

"वीस मिनिटं सत्तावन्न सेकंद."

"भरा."

"सर, वहीत एकदा हाताने करून बघते. पाच मिनिटं."

"ते नंतर. बाईचे गुडघे हलायला लागलेत, कुलथे. चला."

वीस मिनिटं. तो आकडा मला खटकला नाही, हे मान्य केलं पाहिजे. सोर्स रोज साधारण एक टक्क्याने क्षीण होतो, म्हणून जितका जुना सोर्स तितका उपचाराचा वेळ जास्त. मागचा सोर्स संपत आला होता तेव्हा मी असे वीस-वीस मिनिटांचे कागद आठवडाभर पाहिले होते. डोळ्यांना त्यांची सवय होती. आणि हौसाबाईंची ही पहिलीच खेप, त्यामुळे त्यांच्या आधीच्या कागदाशी ताडून बघायची सोयही नव्हती.

मी आत जाऊन नळी यंत्राला जोडली. हौसाबाईंनी माझं मनगट पकडलं. हात गार होता.

"झालं व्हय तुजं मशीन?"

"झालं. वीस मिनिटं लागतील. मी बाहेर आहे, पण तुम्ही बोललात की मला ऐकू येईल. या स्पीकरमधून मीही बोलेन. हलायचं नाही."

"कोनच न्हाई थांबत आत?"

"नाही, मावशी."

"म्हंजी वंगाळच आसनार काहीतरी," त्या छताकडे बघत म्हणाल्या.

जाड दार लोटलं. यंत्र जुनं होतं, वेळ त्याच्या पॅनेलवर हाताने भरावा लागे. मी भरला, कसबे सिस्टरांनी मोठ्याने वाचला, जुळला. किल्ली फिरवली. लाल दिवा. सोर्स नळीत पोचला आणि ठरल्याप्रमाणे पुढे-मागे व्हायला लागला.

मी वही उघडली.

वहीत करायचा हिशेब चार ओळींचा. पहिली ओळ म्हणजे सोर्सची आजची ताकद. तो आकडा मी दर महिन्याला तक्ता करून भिंतीवर लावायचे. सात एप्रिलपुढे सहा पूर्णांक एकोणपन्नास क्युरी. तो लिहिला. डोस लिहिला. नळीचा गुणक लिहिला. भागाकार केला. पाचशे पन्नास सेकंद.

नऊ मिनिटं दहा सेकंद.

मी पॅनेलकडे बघितलं. दोन मिनिटं झाली होती.

आधी वाटलं की भागाकार चुकला. परत केला. पाचशे पन्नास. मग नळीचा गुणक तपासला. तोच. छापलेला कागद ओढून घेतला आणि पहिल्यांदाच वरपासून वाचला. सोर्सची आजची ताकद: दोन पूर्णांक चौऱ्याऐंशी क्युरी.

भिंतीवर सहा पूर्णांक एकोणपन्नास, कागदावर दोन पूर्णांक चौऱ्याऐंशी. तक्ता माझ्या हातचा होता. कागद संगणकाचा होता.

कागदावरची तारीख बघितली. 07/04/2006. बरोबर होती. सोर्स बसवल्याची तारीख त्याखाली महिन्याच्या नावासकट होती, 20 FEB, तीही बरोबर.

चार मिनिटं दहा सेकंद.

"सर."

डॉक्टर बागल मागे फोनवर होते. त्यांनी हाताने थांबा म्हटलं.

"सर, वेळ जुळत नाही."

त्यांनी फोन खाली केला. "कशाशी?"

"वहीशी. वहीत नऊ मिनिटं येतात."

"काय?" ते जवळ आले. "तारीख बघा. तारीख चुकली असेल."

"तारीख बरोबर आहे."

त्यांनी कागद घेतला आणि तारखेवर बोट ठेवलं. "बरोबर आहे. मग?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? कुलथे, तीन वर्षं हे सॉफ्टवेअर वापरतोय आपण. तुम्ही सकाळपासून पाणीसुद्धा प्यायलेला नाहीत. तक्ता कोणी केला?"

"मी."

"तक्त्यात चूक असू शकते?"

असू शकते, असं मी म्हणाले. खरंच म्हणाले. कोणी विचारलं की चूक असू शकते का, तर मला नाही म्हणता येत नाही. तसंच शिकवलं होतं आम्हाला.

पाच मिनिटं चाळीस.

टीव्हीच्या छोट्या पडद्यावर हौसाबाई दिसत होत्या, करड्या, वरून. हात छातीवर. ओठ हलत होते. मी स्पीकरचं बटण दाबलं, ऐकायचं. त्या काहीच बोलत नव्हत्या, नुसता श्वास होता.

मी तक्ता भिंतीवरून फाडून खाली घेतला आणि कोऱ्या कागदावर पहिल्यापासून केलं. वीस फेब्रुवारीला दहा क्युरी. आजवर सेहेचाळीस दिवस. अर्धी ताकद व्हायला चौऱ्याहत्तर दिवस लागतात. सेहेचाळीस दिवसांत तो अर्धासुद्धा व्हायला नको. दोन पूर्णांक चौऱ्याऐंशी होणं शक्य नव्हतं, त्याला गणितही लागत नव्हतं. बोटांवर कळत होतं. तरीही कागदावरची तारीख बरोबर होती, आणि बरोबर तारखेतून चुकीचा आकडा कसा निघतो हे मला सांगता येत नव्हतं. त्या बाईला दुप्पट डोस गेला तर तिचं आतडं आणि लघवीची पिशवी जळणार होती. आज नाही. सहा महिन्यांनी, घरी, आम्हाला दिसणार नाही तिथे.

यंत्र मधेच थांबवायचीही मला भीती होती. सोर्स परत येताना अडकला, तर कोणीतरी आत जाऊन तो हाताने ओढायचा. त्या कोणीतरीची जागा माझी होती.

सात मिनिटं वीस.

"सर, मी थांबवते."

"कारण सांगा आणि थांबवा."

"कारण नाही माझ्याकडे."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. माझ्याकडे बघत राहिले. आज मला वाटतं, तेही तेवढेच घाबरलेले होते. तेव्हा मात्र फक्त डोळे दिसले.

मी लाल बटण दाबलं.

पॅनेलवर आकडा थांबला, सात मिनिटं चाळीस. लाल दिवा तसाच. एक. दोन. तीन. मी जाड दाराकडे बघितलं. चार. हिरवा लागला.

"मुजीबभाई," मी म्हणाले. ते कोपऱ्यात बसून स्क्रू आवळत होते. "त्या घड्याळावर दोनदा क्लिक करा."

त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या वेळेवर क्लिक केलं. एक छोटं कॅलेंडर उघडलं. त्यांनी महिन्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, हा जुलै दाखवतोय. चार जुलै, मंगळवार."

त्या निळ्या पडद्यावरचं पहिलं घर महिन्याचं होतं. मी शाळेत पाटीवर तारीख लिहायला शिकले तशी टाकली होती, आधी दिवस. त्याने ते चार जुलै समजून घेतलं. सोर्स अठ्ठ्याऐंशी दिवसांनी जास्त म्हातारा धरला आणि वेळ सव्वादोन पट करून दिला. आणि छापताना तारीख त्याच्या पद्धतीने छापली, महिना आधी. आम्ही ती आमच्या पद्धतीने वाचली. ती एप्रिलच दिसत होती. आम्ही दोघांनी वाचली होती.

"मी बोलायला पाहिजे होतं," मुजीबभाई उठून उभे राहिले. "मला माहीत असतं की महिना पहिला. मीच टाका म्हणालो, सर. वायर सोडता येत नव्हती."

"मला वाचता येत होतं," मी म्हणाले. "घरावर लिहिलं होतं."

डॉक्टर बागल खुर्चीत बसले. मास्क काढून घडी घातली. "किती राहिलं?"

"नव्वद सेकंद."

"वहीतून?"

"वहीतून. तुम्ही स्वतः करून बघा, मग भरते."

त्यांनी केलं. हळू, शाळकरी मुलासारखं, हातचे वर लिहीत. नव्वद आले. आम्ही नव्वद सेकंद दिले. मग नळी काढली. दोन वाजले होते.

सायंकाळी मी रजिस्टरमध्ये सगळं लिहिलं, तारीख कोणी टाकली तेही. बागलांनी वाचलं, पेन घेतलं आणि माझ्या ओळीखाली एक ओळ लिहिली: 'हाताने ताळा करण्यास मी मनाई केली होती.' सही केली.

पण वॉर्डात हौसाबाईंनी मला हाक मारली तेव्हा मी जे केलं ते रजिस्टरमध्ये नाही.

"ये पोरी. ईस मिंटं म्हनली हुतीस. येवढ्या लवकर कसं झालं? आर्धंच दिलंस न्हवं?"

"नाही, मावशी. पुरतं झालं."

"बघ हां. कमी दिऊ नको. सोसंन मी. बरं व्हायचं हाय मला, नातीचं लगीन हाय."

"पुरतं झालं," मी परत म्हणाले आणि तिथून निघाले. त्या आठवड्यात मला झोप लागली नाही. भीती डोसची नव्हती, तो बरोबर गेला होता. त्या येणार नाहीत याची होती. कमी दिलं असं वाटून म्हातारी घरी बसेल, आणि तिला बसवणारी मी असेन. खरं सांगितलं असतं तरी कदाचित बसली असती. दोन्ही बाजूंनी विचार करून झाला.

गुरुवारी सकाळी नऊला त्या बाकावर बसलेल्या होत्या. नवं लुगडं, पायात चपला नाहीत.

टेबलावर चढवल्यावर, नळी बसल्यावर, सगळे बाहेर गेल्यावर त्यांनी विचारलं, "आज किती?"

"नऊ मिनिटं बेचाळीस सेकंद."

"मागल्या डावाला ईस हुतं."

मी त्यांच्या उशाशी उभी होते. बाहेर बागल वाट बघत होते.

"मागच्या वेळी वीस हे चुकीचं होतं, मावशी. मी मशिनीत तारीख चुकीची घातली. त्यामुळं त्यानं दुपटीच्या वर वेळ काढला. मधेच लक्षात आलं, म्हणून थांबवलं. तुम्हाला जेवढं द्यायचं होतं तेवढंच गेलं. पण मी तुम्हाला ते सांगितलं नाही."

त्यांनी छताकडे बघितलं. मला वाटलं, आता 'नळी काढा' म्हणतील.

"ध्यानात आलं नसतं तर?"

"आतून भाजलं असतं तुम्हाला."

"हं." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "आज कोन मोजनार हाय?"

"मीच. डॉक्टरांनीही मोजलंय. आज दोघांनी वेगवेगळं मोजून मग जुळवलंय."

"मला मोजाया येतं," त्या म्हणाल्या. "शेंगा मोजून दिल्यात्या मी आयुष्यभर. इसानं मोजते. किती इसा व्हतील?"

मी मनात भागाकार केला. "एकोणतीस. वर दोन."

"जा भाईर. लाव तुजं."

मी दार लोटलं. किल्ली फिरवली. लाल दिवा लागला. स्पीकरचं बटण मी दाबून धरलं आणि खोलीत तिचा आवाज आला, खणखणीत, बाजारात उभं राहिल्यासारखा: एक, दोन, तीन, चार. वीस झाले की "एक ईस" म्हणायची आणि परत एकपासून. कसबे सिस्टर आणि डॉक्टर बागल दोघेही पॅनेलशी येऊन उभे राहिले.

ती माझ्यापेक्षा थोडी सावकाश मोजत होती. नऊ बेचाळीसला यंत्र आपोआप थांबलं, सोर्स यंत्रात परत गेला, हिरवा लागला, तेव्हा तिचे सत्तावीस ईस आणि अकरा झाले होते.

"थांबलं व्हय?" स्पीकरमधून आवाज आला.

"थांबलं, मावशी."

"माजं दीड ईस ऱ्हायलं की गं."

मी बटण तसंच दाबून धरलं.

"आसू दे," ती म्हणाली. "माजंच मागं पडलं आसंल. पुढल्या गुरवारी ताळा करू."